गारव्याची चावी कोणाकडे?

आज आम्ही, मानपाड्याच्या बचत गटांतल्या बायका, तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगणार आहोत. ती राजाराणीची नाही, रेल्वेच्या गार डब्याची आहे. दूध, भाजी, फळं, मासळी असा लवकर नासणारा माल लांबच्या गावाला ताजा कसा जायला लागला आणि त्यातून कोणाचं भलं झालं, याची ही गोष्ट.

तुम्ही म्हणाल, रेल्वेच्या डब्याचं आणि आपलं काय? आमच्या गटातल्या निम्म्या बायका भाजी विकतात. सकाळी पंधरा रुपयांना गेलेली मेथीची जुडी रात्री नऊला पाच रुपयांना द्यावी लागते. गिऱ्हाईक तेच असतं, भाजी तीच असते आणि मेहनतही तीच असते. फरक एवढाच, की सकाळी आपण थांबू शकतो आणि रात्री थांबू शकत नाही. जुडी मान टाकायला लागली की भाव आपल्या हातातून सुटतो. म्हणजे आपल्याला गरिबीत ठेवणाऱ्या गोष्टींत सावकार जसा आहे, तसा उन्हाळाही आहे. या उन्हाळ्याशी माणसाने कसं भांडण मांडलं, ते ऐकण्यासारखं आहे.

आधी आपल्या भागापासून सुरुवात करू. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोचले. कल्याणला या वाटेचे दोन फाटे होतात. एक कसाऱ्याकडून थळ घाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळकडे जातो. दुसरा कर्जतहून बोरघाट चढून पुणे, सोलापूरकडे जातो. बोरघाटाची वाट १८६३ मध्ये सुरू झाली आणि थळ घाटाची १८६५ मध्ये. बोरघाटाच्या कामात किती मजूर दगावले याची मोजदाद अवघड आहे. त्या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडला नाही. माणसं नेमून तिने काम पुरं करून घेतलं. हे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हे दोन घाट चढले आणि देश मुंबईला जोडला गेला. नाशिकचा कांदा, खानदेशची केळी, घाटावरची भाजी मुंबईकडे रुळांवरून येऊ शकत होती. पण गाडी असली म्हणजे माल ताजा पोचतो असं नाही. बंद लोखंडी डबा एप्रिलच्या उन्हात उभा राहिला तर आतमध्ये काय होत असेल, ते तुम्हीच ताडा.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ. भाजी तोडली तरी ती मेलेली नसते. ती श्वास घेत असते. श्वास घेताना तिच्यातली साखर खर्च होते आणि ऊब तयार होते. मेथीच्या जुड्यांचा ढीग रात्रभर गोणीत ठेवून सकाळी मध्ये हात घाला, चटका बसल्यासारखं वाटतं. ती ऊब बाहेरची नसते, जुड्यांच्या श्वासाची असते. हवेची उष्णता दहा अंशांनी वाढली की भाजीचा हा श्वास दुप्पट ते तिप्पट होतो. उलट गारवा मिळाला की ती हळू श्वास घेते आणि जास्त दिवस टिकते. गार ठेवणं म्हणजे भाजीला हळू म्हातारं होऊ देणं. गार डब्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

आपल्या आज्या-पणज्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळायची, पाणी माठात ठेवायचं, भाजी पहाटे तोडायची. आणि जिथे गारवा नाही, तिथे मीठ आणि ऊन वापरायचं. कोळणींनी बोंबील वलांडीवर वाळवला तो याचसाठी. बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात. सुका बोंबील टपालाच्या गाडीने जायचा, गाडीला वास यायचा, त्या ‘डाक’वरून ते नाव पडलं, अशी गंमत सांगतात. पण रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीच्या इंग्रजी लेखनात हे नाव सापडतं. त्यामुळे गोष्ट मजेची असली तरी खरी धरू नका. खरं एवढंच, की ताजा बोंबील लांब जात नव्हता आणि सुका जात होता. टिकवण्याचं हे शास्त्र बायकांच्या हातात होतं.

आता बर्फाकडे येऊ. मुंबईत बर्फ कुठून यायचा, सांगितलं तर विश्वास बसणार नाही. तो अमेरिकेतून यायचा. बोस्टन गावाजवळची तळी हिवाळ्यात गोठायची. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी तो बर्फ लाद्या कापून जहाजात भरायचा. १८३३ साली त्याचं पहिलं जहाज कलकत्त्याला आलं. निघताना त्यात १८० टन बर्फ होता. चार महिन्यांच्या प्रवासात, विषुववृत्त ओलांडून, त्यातला सुमारे १०० टन शिल्लक राहिला. पुढच्या वर्षी मुंबईतही असा बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि त्यांच्यासकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी त्या वर्षाची आठवण सांगतात.

चार महिने बर्फ वितळला नाही, तो कशामुळे? लाकडाच्या भुश्यामुळे. लाद्यांभोवती भुसा ठासून भरला की बाहेरची उष्णता आत शिरत नाही. गारवा तयार करणं हे एक काम आणि असलेला गारवा राखणं हे दुसरं. दुसरं काम स्वस्तात होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

बर्फ आणि भुसा ही जोडी रेल्वेत पहिल्यांदा बसवली तीही अमेरिकेतच. १८५१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्ग गावाहून लोणी भरलेला डबा बोस्टनला गेला. डब्याच्या भिंतींत भुसा भरलेला आणि आत बर्फ. तोवर गावाकडच्या गवळ्याला लोणी थंडीच्या दिवसांतच लांबच्या शहरात पाठवता यायचं. आता उन्हाळ्यातही लोणी घट्ट राहून पोचलं. गार डब्याची पहिली सवारी लोण्याची होती, हे ऐकून घरी लोणी कढवणाऱ्या बायांना बरं वाटेल.

पुढे मोठा बदल झाला तो मांसाच्या धंद्यात. शिकागोहून जिवंत जनावरं डब्यात कोंबून पूर्वेकडच्या शहरांत न्यायचे. वाटेत जनावरं वाळायची, मरायची, आणि जनावराच्या वजनातला मोठा भाग तसाही खाण्याच्या कामाचा नसायचा. गुस्टावस स्विफ्ट नावाच्या व्यापाऱ्याने विचार केला, की नुसतं मांसच का पाठवू नये? त्याने अँड्र्यू चेस या इंजिनीयरकडून १८७८ च्या सुमारास चांगला डबा तयार करून घेतला. बर्फ वरच्या बाजूला, माल खाली. गार हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते.

रेल्वे कंपन्यांनी मात्र हा डबा ओढायला नकार दिला. त्यांचे पैसे जनावरांच्या डब्यांत आणि गोठ्यांत गुंतलेले होते. मग स्विफ्टने कॅनडातून वळसा घालून जाणाऱ्या एका रेल्वेशी सौदा केला आणि डबे स्वतःच्या मालकीचे ठेवले. आर्मर वगैरे इतर बड्या व्यापाऱ्यांनीही तेच केलं. फळंही याच डब्यांतून जायला लागली. कॅलिफोर्नियाची फळं हजारो किलोमीटर लांबच्या शहरांत पोचू लागली. वाटेतल्या ठरावीक स्टेशनांवर गाडी थांबायची आणि डब्यांच्या छतावरच्या झडपांतून बर्फाच्या नव्या लाद्या आत सोडायच्या.

इथेच गोष्टीला वळण लागतं. डबे ज्यांच्या मालकीचे, त्यांच्या हातात सगळं गेलं. फळबागायतदाराकडे माल पिकलेला, दोन दिवसांत सडणारा. डबा मिळाला नाही तर सगळं मातीत. मग डबेवाला सांगेल ते भाडं आणि मागेल ते बर्फाचे पैसे. ओरड इतकी वाढली, की १९०६ साली अमेरिकेच्या सरकारने हेपबर्न कायदा केला. डबे आणि बर्फ घालण्याची सेवा हाही वाहतुकीचाच भाग आहे, त्याचे दर वाजवी हवेत, असं त्यात ठरलं. थोडक्यात, गारव्यामुळे माल वाचला, पण नफा आधी गारव्याच्या मालकाने नेला. शेतकऱ्याला कायद्याची वाट पाहावी लागली.

बर्फाच्या जागी यंत्र आलं ते बऱ्याच उशिरा. ट्रकवर बसवता येईल असं शीतयंत्र फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या कृष्णवर्णीय कारागिराने तयार केलं. लहानपणीच पोरका झालेला, शाळा अर्धवट सुटलेली, यंत्रं उघडून-जोडून शिकलेला हा माणूस. पुढे अशीच यंत्रं रेल्वेच्या डब्यांवर, जहाजांवर आली. आज न्हावाशेवाच्या रस्त्याला पांढरे मोठे कंटेनर दिसतात आणि त्यांच्या तोंडाशी घरघरणारं यंत्र असतं, ते त्याच घराण्यातलं.

आता आपल्या देशात येऊ. आपल्याकडे गारव्याची आणि रेल्वेची सगळ्यात मोठी गोष्ट दुधाची आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाचे हाल होते. १९४५ मध्ये सरकारने मुंबई दूध योजना सुरू केली. दूध आणायचं गुजरातमधल्या आणंदहून, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरवरून, आणि तेही रेल्वेने. दूध तापवून, मग गार करून निघालं तरच ते मुंबईत न फाटता पोचणार. ते करण्याचा कारखाना आणंदला पोल्सन या कंपनीचा होता, म्हणून दूध गोळा करण्याचा हक्क पोल्सनला मिळाला. मुंबईत दुधाला चांगला पैसा मिळत होता, पण गोठ्यात पोचत नव्हता. दूध संध्याकाळपर्यंत नासतं, मग पोल्सनचा माणूस देईल तो भाव घ्यायचा. आपल्या रात्री नऊच्या मेथीसारखंच.

४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावात शेतकऱ्यांची सभा झाली. सरदार पटेलांचा सल्ला होता, मोरारजी देसाई हजर होते. ठरलं, की गावोगाव आपल्या सोसायट्या काढायच्या आणि सरकारने त्यांच्याकडून दूध घेतलं नाही, तर कोणालाच दूध घालायचं नाही. पंधरा दिवस संप चालला. दूध ओतलं, पण विकलं नाही. शेवटी सरकार नमलं. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध संघ नोंदवला गेला. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष. १९४८ मध्ये संघाने स्वतः दूध तापवून-गार करून मुंबईला पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीला दोन गावांच्या सोसायट्या आणि दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास दूध. पुढच्या वर्षी वर्गीस कुरियन तिथे आले. याच संघाचं दूध-लोणी पुढे ‘अमूल’ या नावाने घराघरात गेलं.

यात शिकण्यासारखं काय आहे? म्हशी आधीही शेतकऱ्यांच्याच होत्या. रेल्वे आधीही होती, मुंबईचं गिऱ्हाईकही आधीच होतं. एकच गोष्ट बदलली. दूध गार करणाऱ्या यंत्राची चावी कंपनीच्या हातातून सोसायटीच्या हातात आली. बस, तेवढ्याने भाव बदलला.

१९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झालं आणि रुळांवरून दुधाचे टँकर धावू लागले. या टँकरमध्ये गार करणारं यंत्र लागत नाही. दूध चार अंशांपर्यंत गार करून भरायचं आणि टँकरच्या भिंती जाड, उष्णता अडवणाऱ्या असतात. हजारो लिटर गार दूध एकत्र असलं की ते लवकर तापत नाही. मघाचं वाक्य आठवा, असलेला गारवा राखणं स्वस्त पडतं. २०२० च्या टाळेबंदीत आंध्रातल्या रेणिगुंट्याहून दिल्लीला ‘दूध दुरांतो’ नावाची खास गाडी सुरू झाली. तिच्या एकेका टँकरमध्ये ४०,००० लिटर दूध मावतं.

फळांची गोष्ट वेगळी आहे, कारण प्रत्येक फळाचा स्वभाव वेगळा. द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपासचा गारवा मानवतो. डाळिंबाला पाच-सात अंश पुरतात. केळं मात्र तेरा अंशांच्या खाली गेलं की काळं पडतं, आंब्यालाही फार थंडी सोसत नाही. कांद्याला गारव्यापेक्षा वाहती, कोरडी हवा लागते. म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीकडे जायची ती हवेशीर डब्यांतून. घड हिरवा कापायचा, हिरवाच पोचवायचा आणि तिकडे पिकवायचा. सगळ्याला फ्रिज हेच औषध, असं नाही.

द्राक्षाने आपल्याला आणखी एक धडा दिला. गार डबा गरम माल गार करायला नसतो. तो गार केलेला माल गार ठेवायला असतो. उन्हातून तोडलेली द्राक्षं तशीच गार डब्यात भरली, तर मधले खोके तासन्‌तास तापलेलेच राहतात आणि घडावर ओल धरते. म्हणून सकाळी तोडून, काही तासांतच खास खोलीत गार हवा खेळवून आधी फळाची ऊब काढावी लागते. याला पूर्वशीतकरण म्हणतात. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’च्या छत्राखाली महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या. त्यांनी अशा खोल्या आपल्या मालकीच्या केल्या आणि त्यांची द्राक्षं युरोपच्या बाजारात गेली. न्हावाशेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालेलं, त्याचाही उपयोग झाला. इथेही तेच दिसतं. गारव्याची खोली शेताजवळ आणि शेतकऱ्यांच्या संस्थेची.

आता अलीकडची गोष्ट. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात ‘किसान रेल’ची घोषणा झाली. शीत डबे लावून नाशवंत माल देशभर न्यायचा, असा बेत. ७ ऑगस्ट २०२० रोजी पहिली किसान रेल निघाली ती आपल्या शेजारून, कसारा घाटाच्या पलीकडच्या देवळालीहून. ती गेली बिहारमधल्या दानापूरला. सुमारे दीड हजार किलोमीटर, बत्तीस तासांच्या आसपास. नाशिकरोड, मनमाड, जळगाव, भुसावळला माल चढवत गेली. पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याची डाळिंबं या गाड्यांनी जाऊ लागली. सांगोला म्हणजे दुष्काळी तालुका. तिथलं डाळिंब बिहार-बंगालमध्ये दोन दिवसांत पोचू लागलं. शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच बंगालमधल्या शालिमारला निघाली. फुलकोबी, ढोबळी मिरची, शेवगा, कांदा, द्राक्षं, संत्री, सीताफळं, सगळं एका गाडीत.

या गाडीची आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, किमान इतका माल हवाच, अशी अट नव्हती. ट्रक करायचा तर पूर्ण ट्रक भरावा लागतो. इथे थोडा मालही चालायचा. तीन किलो डाळिंबांचं एक पार्सल आणि सतरा डझन अंडीही या गाड्यांनी गेली, असं त्या शंभराव्या गाडीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी सांगितलं. सतरा डझन अंडी, मैत्रिणींनो! हा तर आपल्या एका गटाचा माल झाला. भाजी-फळांच्या भाड्यात पन्नास टक्के सवलत होती, ती केंद्र सरकारच्या ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजनेतून मिळायची. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत अशा २,३०० हून जास्त फेऱ्या झाल्या, जवळजवळ ८ लाख टन माल गेला आणि त्यातल्या बहुसंख्य फेऱ्या महाराष्ट्रातून निघाल्या.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिल्या किसान रेलचे डबे साधे पार्सलचे होते, शीत डबे नव्हते. कपूरथळ्याच्या कारखान्यात १७ टनांचे शीत डबे तयार झाले होते, पण ते नऊच. एवढ्या मोठ्या देशाला नऊ डबे म्हणजे लग्नाच्या पंगतीला एक पातेलं. आणि डाळिंब, कांदा, संत्री साध्या डब्यात निभावून जातात. पालेभाजी आणि मासळी निभावत नाही. शिवाय सवलतीवर उभा राहिलेला धंदा सवलतीबरोबरच हलतो. आपल्या भागात येणारी बहुतेक भाजी आजही ट्रक-टेम्पोनेच येते. गाडी वेगाने धावली तरी गाडीच्या आधी आणि गाडीच्या नंतर काय, हा प्रश्न उरतो. शेतात सावली नाही, स्टेशनात गार खोली नाही, बाजारात छप्पर नाही. गारव्याची साखळी म्हणतात ती खरंच साखळीसारखी असते. एक कडी तुटली की सगळी तुटते.

आता ही सगळी गोष्ट आपल्या मानपाड्यात आणू.

आमच्या वस्तीस्तर संघापुढे सध्या एक प्रस्ताव आहे. सात गटांनी मिळून एक छोटी शीतखोली घ्यायची. दिवसभरात न खपलेली भाजी, मुरबाड-शहापूरकडच्या गटांकडून येणारी काकडी, भेंडी, कारली आणि काही घरांचं पनीर-दही तिथे ठेवायचं. बँकेचं कर्ज लागेल आणि बचतीतला मोठा भाग अडकेल. गटांत दोन तट पडले आहेत. काही ताई म्हणतात, विजेचं बिल कोण भरणार? डोंबिवलीत पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते आपल्याला माहीत आहे. दुसऱ्या ताई म्हणतात, मग आयुष्यभर रात्री नऊला पाच रुपयांनी जुडी द्यायची का? आमच्यातल्या एकीने मागे एका खाजगी गोदामात माल ठेवला होता. भाडं दिवसाचं सांगितलं आणि हिशेब खोक्याचा निघाला. शेवटी मालापेक्षा भाडं जास्त झालं. तिचं म्हणणं, दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये आपला माल ठेवला की माल आपला राहत नाही. हेपबर्न कायद्याचं नाव तिने ऐकलेलं नाही, पण कायदा ज्यावरून झाला ते दुखणं तिने सोसलेलं आहे.

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. म्हणून आम्ही या इतिहासातून चार प्रश्न काढले आणि प्रत्येक गटाला लिहून दिले. तुमच्याही गटात कामाला येतील.

पहिला प्रश्न. आपलं खरं नुकसान किती? पंधरा दिवस वहीत लिहायचं. किती माल आणला, किती पूर्ण भावाने गेला, किती पडत्या भावाने, किती फेकला. आकडा हातात नसेल तर शीतखोलीचं कर्ज फिटेल की नाही, हे देवालाही सांगता येणार नाही.

दुसरा प्रश्न. आपल्या मालाला कोणता गारवा लागतो? कांदा, बटाटा, लसूण असेल तर शीतखोली नको, हवेशीर मांडणी हवी. केळी, आंबे असतील तर फार थंडी नको. आणि पिकलेल्या फळांशेजारी पालेभाजी ठेवू नका, फळातून निघणाऱ्या वायूने ती पिवळी पडते.

तिसरा प्रश्न. यंत्राआधी फुकटचा गारवा आपण वापरतो का? भाजी पहाटे तोडणं, लगेच सावलीत आणणं, गोणीत कोंबण्याऐवजी क्रेटमध्ये भरणं, ओलं गोणपाट पांघरणं, याला वीज लागत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने १९८० च्या दशकात विटांचा विनाविजेचा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत ओली वाळू, वरून वाळ्याचं किंवा गोणपाटाचं झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. तत्त्व आपल्या माठाचंच. मार्च ते मे तो चांगलं काम करतो. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात त्याचा गारवा कमी पडतो, हेही सांगायला हवं. पण उन्हाळ्याचे तीन महिने वाचले तरी थोडं नाही.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चावी कोणाकडे राहणार? भाडं कोण ठरवणार, आधी कोणाचा माल आत जाणार, वीज गेल्यावर खराब झालेल्या मालाचा तोटा कोण सोसणार, हे खोली येण्याआधी ठरावात लिहिलं गेलं पाहिजे. एकीच्या नवऱ्याच्या दुकानात खोली बसवली, तर सहा महिन्यांत ती त्याच्या मालाने भरेल. हे कोणावर आळ म्हणून सांगत नाही. शिकागोपासून आणंदपर्यंत हेच दिसलं, म्हणून सांगतो. खोली संघाच्या नावावर हवी, वही उघडी हवी आणि सगळ्यात लहान टोपलीवालीलाही तीत जागा हवी.

आमचा निर्णय अजून व्हायचा आहे. गणपतीनंतरच्या बैठकीत सातही गट आपापल्या पंधरा दिवसांच्या वह्या घेऊन येतील. आकडे पुरेसे निघाले तर कर्जाचा अर्ज करू. नाही निघाले तर विटांचा शीतकक्ष बांधू, क्रेट घेऊ आणि बचत सांभाळू. दोन्हींत कमीपणा काही नाही. पण ठरवायचं ते आकडे बघून.

कल्याणच्या लोकलच्या लगेज डब्यात आजही पहाटे टोपल्या घेतलेल्या बायका बसलेल्या दिसतात. त्यांच्या मालाला गारवा नाही, आहे ती फक्त घाई. ही घाई कमी झाली तर त्यांना भाव सांगता येईल. तुमच्या गावात दूध शीतकेंद्र असेल, मासळीचं बर्फघर असेल, कांद्याची चाळ असेल, तर या महिन्याच्या बैठकीत एवढं विचारून बघा, की ती कोणाच्या नावावर आहे आणि तिथला दर कोण ठरवतं. उत्तर काय मिळालं ते आम्हाला पत्राने कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.

तोवर भाजी सावलीत ठेवा आणि वही उघडी ठेवा.